पेंगचे कान आणि माझं डुक्कर

१९ एप्रिल

ही वही आरोग्यकेंद्रानं रक्तदाब लिहायला दिली आहे. सकाळचा वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी घेतली की नाही, एवढंच. पुढच्या बाजूनं मी तेच लिहितो, कारण सायपिन दर रविवारी वही तपासते. सायपिन माझी मुलगी, आणि गावाची आरोग्यसेविकाही तीच. दोन्ही एकाच बाईत असल्यावर बापाला सुटका नाही. म्हणून हे मागच्या बाजूनं लिहितोय, विहारातल्या जुन्या अक्षरांत. माझी शाळा चौथीपर्यंत; बाकी जे शिकलो ते विहारात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, असताना. ही अक्षरं गावात आता दोघांनाच वाचता येतात, मला आणि पेंगला.

पेंगला काल पयावच्या मोठ्या इस्पितळात नेलं. सोळा तारखेला संध्याकाळी त्याला ताप आला. आम्ही म्हटलं, सोंगक्रानचा, नव्या वर्षाचा पाण्याचा खेळ बाधला. सतराला डोकं फुटतंय म्हणाला. अठराला मान वळेना आणि बायकोलाच ओळखेना. त्याची बायको बुआलाय अनवाणी धावत आमच्या दारात आली. सायपिननं त्याला एकदाच पाहिलं आणि गाडी बोलावली. गाडीत चढवताना मला विचारलं, "बाबा, पंधराला कच्चा लाब केला होता ना तुम्ही?"

मी म्हणालो, "दरवर्षीच करतो." डुकराचं मांस बारीक चिरायचं, रक्त, पित्त आणि मसाला घालून कच्चंच खायचं, हा आमचा सणाचा लाब.

वरचा आकडा १६२. वहीत १४८ लिहिला.

सायपिन म्हणते, या तापात कानही जातात; म्हणून आज सकाळी कानाशी काशाची वाटी वाजवून पाहिली. डाव्या कानात जरा कमी वाटतं. की नेहमीच कमी होतं?

२१ एप्रिल

पयावला जाऊन आलो. पेंग जगणार. पण दोन्ही कान गेले.

खाटेवर बसला होता, हातात सुई, चेहरा गोगलगाईसारखा ओला. मला पाहून ओरडला, "तान्या, आलास का! या लोकांची भुतं झालीत रे. नुसती तोंडं हलवतात!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. बुआलाय रडत होती आणि हसतही होती.

डॉक्टर पोरगेलाच आहे. म्हणाला, हा डुकरातला जंतू आहे. कच्च्या मांसातून आणि रक्तातून जातो, हाताला चीर असेल तर तिच्यातूनही. आधी मेंदूच्या आवरणाला सूज, मग कान. दोन दिवस उशीर झाला असता तर माणूसच गेला असता. मग मला विचारलं, "आजोबा, डुक्कर तुमचंच होतं ना? आजारी होतं का?"

मी म्हणालो, "नाही. ठणठणीत होतं."

सायपिन माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघितलं.

२२ एप्रिल

झोप नाही. इथं तरी खरं लिहितो.

डुक्कर दोन दिवस खात नव्हतं. मी भाताचा कोंडा घातला, केळीचं खोड चिरून घातलं, तोंड लावलं नाही. मागचे गुडघे सुजले होते. मला वाटलं, सणाच्या तोंडावर मेलं तर सगळं वाया जाणार, आणि कुळातल्या अठरा घरांना काय वाढायचं? मरायच्या आधी कापलं की झालं. माझे वडील असंच करायचे. रक्त काळपट होतं. वास लपावा म्हणून मी गवती चहाची पात दुप्पट घेतली आणि लिंबं जास्त पिळली.

वाईट हेतू नव्हता. हे कुणाला सांगू?

सगळ्यांनी खाल्लं, मीही तीन घास खाल्ले. मग एकट्या पेंगलाच का? त्या दिवशी गवती चहाच्या पातीनं रक्त चोळायला तो बसला होता. आदल्या दिवशी बांबू सोलताना त्याचा अंगठा कापला होता. मी चिंधी पाहिली होती.

३० एप्रिल

सायपिननं सभागृहात लोक जमवले. फळ्यावर डुकराचं चित्र काढलं होतं, मांजरासारखं दिसत होतं. म्हणाली, "लिंबू पिळलं की मांसाचा रंग बदलतो, जंतू मरत नाही. दारूनं मरत नाही, पित्तानंही मरत नाही. कढईत खालीवर करत पुरती दहा मिनिटं, लालसरपणा सगळा जाईपर्यंत. हाताला चीर असेल तर हातमोजे. कच्च्याचा सुरा आणि पाट वेगळा, भाजीला लावायचा नाही. आणि आजारी किंवा आपोआप मेलेलं जनावर पुरून टाकायचं, खायचं नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग आमचे आजे-पणजे काय गवत खाऊन जगले?"

"जगले," ती म्हणाली, "पण त्यांच्यात बहिरे किती होते, ते मोजलंय कुणी?"

लोक हसले. मी नाही हसलो. मला माझ्या लहानपणचा बहिरा उंग आठवला. विहिरीजवळ टोपल्या विणत बसायचा. आम्ही पोरं मागून जाऊन त्याच्या पाठीला चिंचेचे चिचोके मारायचो. आणखी एक होती, खालच्या आळीतली लंगडी मेदा, तिलाही ऐकू यायचं नाही. गावात असे तीन-चार बहिरे नेहमीच असायचे. आम्हाला सांगायचे, वीज कानाजवळून गेली. एका गावात किती विजा जाणार?

मग मला विचारलंच. "तानकाका, तुमचं डुक्कर कसं होतं?"

"ठणठणीत."

"झालं तर मग! काकांचं डुक्कर ठणठणीत होतं. पेंगला दारू नडली." सगळे उठले. सायपिन म्हणत होती की ठणठणीत डुकराच्या घशातही हा जंतू असतो, दिसत नाही. पण ते ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

ती एकटीच फळा पुसत राहिली.

९ मे

पेंग घरी आला. चालताना झोकांड्या खातो. डॉक्टर म्हणाले, तोल कानात असतो. मला आजवर पायात असतो असं वाटत होतं. बुआलायनं त्याच्यासाठी पाटी आणली आहे. जो येतो तो तिच्यावर लिहितो, तो वाचतो आणि गर्जना करून उत्तर देतो. लोक लिहितात, "कसे आहात?" तो ओरडतो, "बहिरा आहे, दिसत नाही का!"

मी पाटीवर जुन्या अक्षरांत त्याचं श्रामणेर असतानाचं नाव लिहिलं. बराच वेळ बघत राहिला. मग अंगठ्यानं एकेक अक्षर हळूहळू पुसलं, जणू ते दुखेल.

म्हणाला, "परतलेलं खाऊ घालतात रे मला. सगळं परतलेलं. जीभ तरी जिवंत आहे माझी. लाब कधी करतोस?"

मी लिहिलं, बघू.

१४ मे

पाऊस. शेतात गेलो नाही.

पूर्वी सणाच्या दिवशी गावाला जाग यायची ती लाबाच्या आवाजानं. पहाटे प्रत्येक आळीत चिंचेचा ओंडका मांडलेला, दोन-दोन गडी समोरासमोर, हातात सुरे. टक टक, टक टक. एकाचा सुरा वर तेव्हा दुसऱ्याचा खाली. मांस इतकं बारीक व्हायचं की सुऱ्याला चिकटून वर यायचं. बायका चुलीवर मसाला भाजायच्या, रानतिरफळ, पिंपळी, कोळिंजन, काळ्या पडलेल्या मिरच्या. त्या वासानं विहारातले भिक्षूसुद्धा शिंकायचे. लाब पुरुषांनीच करायचा. माझी बायको बुआफात म्हणायची, "वर्षातून एकदा हातात सुरा धरतात आणि मिरवतात किती!" पण माझ्या हातच्या लाबाचा पहिला वाडगा तिचा असायचा. ओंडक्याच्या मागे उभी राहून चिकट भाताच्या गोळीनं खायची, कुणी बघत नाही ना ते बघत. जाऊन नऊ वर्षं झाली. तिला कधी काही झालं नाही. का झालं नाही, तेही आता कळत नाही. नशिबानं झालं नाही म्हणायचं.

मी आणि पेंग पंचावन्न वर्षं एकाच ओंडक्यावर चिरतोय. मी श्रामणेर असतानाच चीवर सोडलं, तो पुढे भिक्षू झाला. परत आला तेव्हा डोक्याला नुकते केस फुटलेले. मी म्हणालो, "पुण्य कमावून आलास, आता सुरा धर." त्यानं तीन वर्षांत मांसाला हात लावला नव्हता. पहिल्याच दिवशी माझ्या बरोबरीनं चिरलं.

आता गावात दोनच ओंडके उरलेत. पोरं बाजारातून यंत्रात काढलेला खिमा आणतात.

१७ मे

आज सांगायचं ठरवून पेंगकडे गेलो. बुआलाय दाराशी शेंगा सोलत होती. तिला ही अक्षरं येत नाहीत, तरी पाटी तिला दिसणार नाही अशी धरली. पाटीवर लिहिलं, "डुक्कर." पेंग वाट बघत राहिला. पुढे लिहिता येईना. पुसून टाकलं आणि लिहिलं, "डुक्कर महाग झालंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पुढे वाकून, बुआलायला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "तान्या, तुला झोप येते का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"मला येत नाही. कानात सतत ओंडका वाजतोय. टक टक. बुआलायला सांगू नकोस, उगाच रडेल."

घरी आलो. वाटी वाजवून पाहिली. दोन्ही कानांत ऐकू येतं. लाज वाटली.

वरचा १७०. वहीत १५०.

१ जून

पूर्वजांच्या ठाण्याचा नैवेद्य आठ तारखेवर आला. बुआफातच्या कुळाचं ठाणं, अठरा घरं जमतात, पोरं चिआंग माईहून, बँकॉकहून येतात. नैवेद्याला डुकराचं डोकं, दारू आणि कच्चा लाब. हे कधीपासून चालत आलंय ते थिपमावशीलाही ठाऊक नाही, आणि ती शहाऐंशीची आहे. ठाणं तीच सांभाळते.

सायपिन म्हणाली, "मावशी, या वर्षी परतलेला करू."

मावशी म्हणाली, "मला काय विचारतेस? खाणाऱ्यांना विचार." आणि ठाण्यापुढे तांदळाचा वाडगा ठेवला. चिमूट उचलायची, जोड्या लावायच्या. जोड्या पुऱ्या झाल्या तर हो, एक दाणा उरला तर नाही. तीनदा विचारलं, परतलेला चालेल का? तिन्ही वेळा एक दाणा उरला.

"नको म्हणतात," मावशी म्हणाली. मावशीला दात नाहीत. परतलेला लाब तिला चाववत नाही.

सायपिन माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही करणार नाही म्हणालात तर कोणी करणार नाही. तुम्ही म्हणा ना."

मी म्हणालो, "पूर्वजांच्या शब्दापुढे मी कोण?"

ती म्हणाली, "अठरा घरं आहेत, बाबा. त्यात माझी दोन पोरंही आहेत." आणि निघून गेली.

तिला वाटतं मी हट्टी आहे. मी हट्टी नाही. मी तोंड उघडलं की दुसराच शब्द बाहेर येईल, एवढीच भीती आहे.

५ जून

नैवेद्याचं डुक्कर बघायला तीनदा गेलो. खातंय. गुडघे बरे आहेत. मालक म्हणाला, "काका, सून बघायला आलात का?"

८ जून

उजाडताच ठाण्यावर गेलो. पेंग आधीच येऊन ओंडक्यापाशी बसला होता, आपला सुरा घेऊन. बुआलाय म्हणाली, "काय करू, ऐकतच नाही!" आणि मग तिलाच हसू आलं.

सायपिननं मला हातमोजे दिले. मी घातले. पोरं म्हणाली, "आजोबा, शस्त्रक्रिया आहे का?" पेंगच्या हातातही तिनं मोजे चढवले आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: अंगठा!

चिरायला बसलो. पेंगचा मेळ लागेना. त्याला माझा सुरा ऐकू येत नव्हता. दोघांचे सुरे एकदमच खाली यायचे, दोनदा पातीला पाती घासली. मग त्यानं डावा हात ओंडक्याच्या कडेला ठेवला, डोळे मिटले आणि माझे ठोके हातानं मोजायला लागला. थोड्या वेळानं जमलं. टक टक, टक टक. बँकॉकहून आलेल्या एका पोरीनं फोन खाली ठेवला. मला बुआफात ओंडक्याच्या मागे उभी आहे असं वाटलं, म्हणून मागे वळून बघितलं नाही.

मसाला पडला, रक्त पडलं, पित्ताचे चार थेंब. पहिला वाडगा मावशीनं ठाण्यावर ठेवला, उदबत्त्या लावल्या. उदबत्ती विझली की माणसांनी खायचं. पण चिरणाऱ्यांनी मीठ-कडू बघायला एक चिमूट आधी चाखायची, ही रीत आहे. पेंगनं मोजा काढला आणि चिमूट उचलली.

मी त्याचा हात धरला.

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. हसत हात सोडवायला लागला. मी सोडला नाही. दुसऱ्या हातानं पाटी ओढली. खडू धरताना मोज्याचं रक्त पाटीला लागलं. जुन्या अक्षरांत लिहिलं: "सोंगक्रानचं डुक्कर आजारी होतं. दोन दिवस खात नव्हतं. मला माहीत होतं. खाऊ नको."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. चिमूट ओंडक्यावर टाकली आणि हात पुसला. मग बुआलायचा खांदा धरून उभा राहिला, जमलेल्या सगळ्या माणसांकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, आणि ओरडला. बिचाऱ्याला आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही.

"तान्या, हे तू मला आज सांगतोस? डुक्कर आजारी होतं हे मला तेव्हाच ठाऊक होतं! मागचे पाय मीच धरले होते! गुडघे हे एवढाले सुजलेले! तू लिंबं पिळत होतास आणि मी दारू ओतत होतो. दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनी मिळून सगळ्या कुळाला वाढलं. माझे कान गेले, यात रडण्यासारखं काय? यातल्या एखाद्या पोराचे गेले असते म्हणजे?"

मला जमिनीकडे बघायचं होतं, पण मान वाकेना. पेंगसारखं झालं की काय, असं वाटून गेलं.

कोणीतरी म्हणालं, "काका, ठणठणीत होतं म्हणालात ना?"

मी म्हणालो, "खोटं बोललो."

सायपिन उदबत्त्यांकडे बघत उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही.

उदबत्ती विझली. थिपमावशीनं ठाण्यावरचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ माझ्यासमोर आणून ठेवला. "हा परतून घे."

मी म्हणालो, "मावशी, कौल?"

"पूर्वजांनी कच्चा मागितला, त्यांना कच्चा मिळाला. तुम्हालाही कच्चा द्या असं कुठं म्हणाले ते? बुआलाय, कढई ठेव."

बुआलायनं कढई ठेवली. सगळा लाब मीच परतला. सायपिन शेजारी येऊन उभी राहिली, फोनमध्ये वेळ लावून. पाच मिनिटांनी मी म्हणालो, "झाला." ती म्हणाली, "लाल आहे अजून." सात मिनिटांनी म्हणालो, "झाला बघ." ती म्हणाली, "ढवळा, बाबा." आज ती माझ्याशी एवढंच बोलली. रक्त तपकिरी झालं, मांस आकसलं, रानतिरफळाचा वास मात्र तसाच उठला. वाढायला तिनं धुतलेला नवा डाव दिला, कच्च्याचा डाव बाजूला ठेवला.

ओंडका आणि सुरे मी साबणानं घासले, वर उकळतं पाणी ओतलं. चिंचेच्या लाकडातून वाफ आली.

पहिला घास मावशीनं घेतला. बराच वेळ हिरड्यांवर घोळवला. "चाववत नाही," म्हणाली आणि पुढचा घेतला. म्हातारे कुरकुरत जेवले. एक म्हणाला, "याला लाब म्हणायचं तर भाजीला काय म्हणायचं?" पण कढई रिकामी झाली.

खरं सांगायचं तर चव ती नाही. कच्च्या लाबाला जिभेवर जो गारवा असतो, तो गेला. तो आता कधी मिळणार नाही. पंचावन्न वर्षं मिळाला.

९ जून

वरचा १६६. वहीत १६६ लिहिला.

घरोघर जाऊन सांगून आलो, सोंगक्रानचं डुक्कर आजारी होतं म्हणून. चौदा घरांत पाणी दिलं. तीन घरांत नाही. त्यातल्या एका घरात कुत्रं सोडलं, पण ते मला ओळखत होतं.

११ जून

सायपिननं वही तपासली. कालचा, परवाचा आकडा बघून म्हणाली, "वाढलाय." मग म्हणाली, "नाही, आधीचे खोटे होते." गोळी बदलून आणते म्हणाली. दारातून परत आली आणि म्हणाली, "तुम्ही त्याचा हात धरलात ते मी बघितलं, बाबा." आणि गेली.

दुपारी पेंगकडे गेलो. ओट्यावर बसून बुआलायच्या शेंगा सोलत होता. मीही बसलो. अर्धी टोपली सोलून झाली. मला एक गोष्ट तीन दिवस खात होती. शेवटी पाटी घेतली आणि लिहिलं, "त्या दिवशी तू मुद्दाम मोठ्यानं बोललास का?"

पेंगनं पाटी डोळ्यांजवळ नेली, नीट वाचली, बाहीनं पुसून स्वच्छ केली आणि बाजूला ठेवली.

"मला ऐकू येत नाही," तो अगदी हळू म्हणाला, आणि शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली.